पाचूनगरी हिरवी नव्हतीच!

“काय रे, तुम्ही सिव्हिलवाले ना? मग चार पडदे रंगवायला काय अडचण आहे?”

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या सरांनी हा प्रश्न विचारला आणि मी मूर्खासारखा “काहीच नाही सर!” असं म्हणून बसलो. त्या दोन शब्दांची किंमत पुढे दोन महिने मोजली. पण त्या दोन महिन्यांत प्रकाश, रंग, समरूप त्रिकोण आणि गुरुत्वमध्य या गोष्टी मला जितक्या समजल्या, तितक्या चार सेमिस्टरमध्ये समजल्या नव्हत्या. म्हणून हा लेखप्रपंच. पुढच्या वर्षी हे काम तुमच्यापैकी कुणाच्या तरी गळ्यात पडणारच आहे. तेव्हा निदान आमच्या चुका तरी पुन्हा करू नका!

प्रकरण असं होतं. कॉलेजजवळच्या एका गावातल्या शाळेतली चौतीस मुलं आपल्या हॉलमध्ये एक संगीत बालनाट्य करणार होती. मुलं आणि गाणी शाळेच्या बाईंची, हॉल आणि नेपथ्य आमचं. खर्चाला नऊ हजार रुपये. प्रयोग एकच.

नाटक होतं ‘ऑझचा जादूगार’. एल. फ्रँक बॉम या अमेरिकन लेखकाचं हे पुस्तक १९०० साली आलं आणि १९०२ मध्येच शिकागोत त्यावर संगीत नाटकही झालं. बॉम १९१९ साली वारला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे गोष्ट वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. मात्र १९३९ सालच्या प्रसिद्ध सिनेमाची गाणी वेगळी, त्यांना हात लावायचा नाही. म्हणून बाईंनी पाच गाणी स्वतः लिहिली आणि गोष्ट सांगलीकडे आणली. कॅन्ससच्या करड्या गवताळ मैदानाचं जत तालुक्यातलं माळरान झालं. वादळाची वावटळ झाली. डोरोथीची दुर्वा झाली. तिच्याबरोबर बुजगावणं, पत्र्याचा माणूस आणि भित्रा सिंह. आणि पिवळ्या विटांच्या रस्त्याची झाली ‘हळदीची वाट’! सांगलीच्या पोरांना पिवळा रंग समजावून सांगावा लागत नाही.

म्हणजे आम्हाला दाखवायच्या होत्या चार जागा : माळरान, जंगल, पाचूनगरी आणि चेटकिणीचा वाडा. चार जागा म्हणजे चार पडदे, असा सरळ हिशेब आम्ही मांडला. पहिली चूक इथेच झाली.

आधी थोडा इतिहास

मागचा पडदा ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा देखावे जवळजवळ नव्हतेच. प्रसंग कुठे घडतोय ते सूत्रधाराच्या पदातून कळायचं. पुढे संगीत नाटकांच्या काळात रंगवलेले पडदे आले. रस्ता, बाग, जंगल, दरबार असे ठरलेले पडदे कंपन्यांकडे असत आणि तेच अनेक नाटकांना चालत. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव हे असे पडदे रंगवण्यात नावाजलेले होते. तेच बाबूराव पुढे सिनेमाकडे वळले आणि १९२० साली त्यांनी ‘सैरंध्री’ काढला. बालनाट्याचं म्हणाल तर सुधा करमरकरांनी १९५९ साली रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं, आणि मुलांचं नाटकही मोठ्यांच्या नाटकाइतक्याच थाटात झालं पाहिजे हा आग्रह तिथून पुढे रुजत गेला.

हे सगळं मी वाचलं खरं, पण मनात म्हटलं, आता काळ बदलला. आता प्रोजेक्टर आहे, फ्लेक्स आहे. हाताने कोण रंगवत बसतो?

प्रोजेक्टरचं स्वप्न

आमच्या ग्रुपमधल्या ई अँड टीसीच्या मित्राने छाती ठोकून सांगितलं, “सेमिनार हॉलचा प्रोजेक्टर आणू. जंगल काय, वावटळसुद्धा हलती दाखवू!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

प्रोजेक्टर ३००० ल्युमेनचा. चित्र हवं २४ फूट म्हणजे ७.३ मीटर रुंद. १६:९ च्या प्रमाणात उंची ४.१ मीटर, क्षेत्रफळ सुमारे ३० चौरस मीटर. ३००० भागिले ३०, म्हणजे पडद्यावर पडणार १०० लक्स. आता मुलांचे चेहरे दिसावेत म्हणून रंगमंचावर याच्या कितीतरी पट उजेड लागतो आणि तो उजेड काही फक्त मुलांवर थांबत नाही. जमिनीवरून, कपड्यांवरून उसळून तो पडद्यावर जातो आणि चित्र धुऊन टाकतो. दिवे कमी करा, तर जंगल दिसतं पण दुर्वा दिसत नाही. दिवे वाढवा, तर दुर्वा दिसते पण जंगल जातं.

शिवाय आमच्या प्रोजेक्टरला चित्राच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागतं, म्हणजे ११ मीटर. समोरून टाकला तर मुलांच्या सावल्या चित्रावर. मागून टाकायचा तर पडद्यामागे ११ मीटर जागा हवी, आणि आमचा अख्खा रंगमंचच २० फूट म्हणजे ६ मीटर खोल! स्वप्न संपलं.

फ्लेक्सचा मोह

मग फ्लेक्स. २४ बाय १४ म्हणजे ३३६ चौरस फूट. आम्हाला भाव सांगितला बारा रुपये फूट. एक पडदा ४०३२ रुपये, चार पडदे १६,१२८. हातात नऊ हजार. तरी आम्ही नमुना म्हणून कुणाच्या तरी वाढदिवसाचा जुना बोर्ड उलटा टांगून पाहिला. दिवा लावल्याबरोबर मधोमध पांढरा चकाकता डाग! फ्लेक्सचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, तो आरशासारखा प्रकाश ठरावीक दिशेला परत फेकतो. सुती कापड खरखरीत असल्यामुळे प्रकाश सगळीकडे विखुरतं, म्हणून ते कुठूनही सारखं दिसतं. नाटकवाले शंभर-सव्वाशे वर्षं कापड का वापरत आले, ते मला त्या वाढदिवसाच्या बोर्डाने शिकवलं.

शेवटी मांजरपाट घ्यायचं ठरलं. चौरस मीटरला साधारण १५० ग्रॅम धरलं तर आख्खा पडदा पाच किलोच्या आत. रंग, खळ, बांबू धरूनही दोन पोरं आरामात ओढतील.

माझा पडदा

आता माझी कहाणी. चारपैकी पाचूनगरी मी मागून घेतली. चित्रकला हा माझा वीक पॉइंट, दहावीपर्यंत इंटरमिजिएटची ग्रेड वगैरे… असो. मी आणि माझा रूममेट, नऊ रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर बसून रंगवत होतो. हिरवे घुमट, हिरवे मनोरे, हिरव्या पायऱ्या, खिडक्यांना नक्षी, नक्षीत पुन्हा वेलबुट्टी. सात प्रकारचा हिरवा रंग वापरला. दहाव्या दिवशी सकाळी गच्चीवर पसरलेला तो पडदा पाहायला मुलींच्या हॉस्टेलमधूनही लोक आले. यापेक्षा मोठा पुरस्कार इंजिनिअरिंगच्या पोराला काय असणार!

पडदा हॉलमध्ये टांगला. शाळेची मुलं तालमीला आली आणि ‘आ’ वासून पाहत राहिली. माझी छाती दोन इंच फुगली. मग संगीत सुरू झालं. पाचूनगरीचे नागरिक म्हणून वीस मुलं हिरवे झगे घालून रंगमंचावर आली… आणि गायब झाली.

अतिशयोक्ती नाही. वीस पोरं नाचत होती आणि मागच्या रांगेतून फक्त वीस डोकी हलताना दिसत होती. हिरव्यावर हिरवं. मधूनच एखादा हात वेलबुट्टीतून बाहेर यायचा.

आम्ही मदतीला म्हणून गावातल्या एका जुन्या पेंटरकाकांना बोलावलं होतं. वय सत्तरच्या पुढे. फ्लेक्स यायच्या आधी जत्रेतल्या नाटकांचे पडदे आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ते हॉलच्या शेवटच्या रांगेत बसून शांतपणे बघत होते. मी जवळ गेलो.

“काका, कसा झालाय?”

“पडदा झकास झालाय. त्येच तर वांदं हाय.”

“म्हणजे?”

“ह्या पोरांच्या आया कुठं बसणार?”

मी म्हटलं, पुढच्या रांगा पाहुण्यांच्या, मग कॉलेजची मुलं, आणि पालक मागे.

“म्हंजे हितं. यस्टीनं येणार, रोजगार बुडवून येणार आनि हितं बसणार. तिला आपलं पोरगं वळखू याय पायजे का नको? का तिनं तुजी येलबुट्टी बघायची?”

मला काही बोलता आलं नाही. राग आला होता, खोटं कशाला सांगू. नऊ रात्री! पण मी त्यांच्या शेजारी बसलो आणि पाहिलं. ते म्हणत होते ते खरं होतं.

त्या संध्याकाळी आमचा नियम नंबर एक तयार झाला. पडदा चांगला की वाईट, हे पडद्याकडे बघून ठरवायचं नाही. शेवटच्या रांगेतून पोरगं ओळखू येतं का, यावर ठरवायचं.

शेवटच्या रांगेचं गणित

हा नियम एकदा मान्य केला की बाकीचं सगळं आपोआप हिशेबात येतं. आम्ही काढलेले ठोकताळे असे :

*तपशील किती?* निरोगी डोळा साधारण एका कोनीय मिनिटाइतका फरक ओळखतो. आमची शेवटची रांग रंगमंचापासून ७० फूट म्हणजे २१ मीटर. एवढ्या अंतरावर एक मिनिट म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर. त्याहून बारीक काहीही काढलं तरी ते तिथून दिसतच नाही! माझी वेलबुट्टी तीन मिलिमीटरची होती. पेंटरकाका इंचाच्या ब्रशने रेघ ओढायचे ते उगाच नाही.

*उजळ की गडद?* पडदा आणि कपडे यांचा रंग वेगळा असून भागत नाही, उजळपणा वेगळा लागतो. लाल आणि हिरवा हे रंग शेजारी ठेवले तर भिन्न वाटतात, पण दोन्ही सारखेच गडद असतील तर लांबून एकमेकांत मिसळतात. तपासायची सोपी युक्ती : शेवटच्या रांगेतून मोबाईलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. मुलं पडद्यापासून वेगळी दिसली तर पास, नाहीतर नापास. माझा पडदा या परीक्षेत शून्य मार्कांनी नापास झाला.

*क्षितिज कुठे?* मुलांच्या नाटकात क्षितिजरेषा खाली ठेवायची, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर. वर आभाळ भरपूर सोडायचं. क्षितिज वर नेलं तर मूल जमिनीत रुतल्यासारखं दिसतं. आणि दूर जाणाऱ्या रस्त्याच्या टोकाला दोन फुटांचं घर रंगवलं आणि त्याच्या शेजारी चार फुटांचं पोरगं उभं राहिलं, तर ते पोरगं राक्षस होतं! आमच्या पहिल्या माळरानाच्या पडद्यावर नेमकं हेच झालं. दुर्वा घरात शिरायची ऐवजी घराच्या छपरावर कोपर टेकून उभी राहू शकली असती.

*अंतर किती?* दिवे समोरून ४५ अंशांत खाली रोखलेले असतील, तर सावलीची लांबी मुलाच्या उंचीइतकीच. म्हणजे साडेचार फुटी मूल पडद्यापासून साडेचार फूट पुढे उभं राहिलं की त्याची सावली जमिनीवरच संपते, पडद्यावर चढत नाही. आम्ही जमिनीवर खडूने पाच फुटांची रेघ मारली आणि तिला ‘लक्ष्मणरेषा’ नाव दिलं. पोरांनी ती शेवटपर्यंत पाळली.

पुस्तक वाचलेला बुजगावणं

हे सगळं समजलं, पण पाचूनगरीचं काय? नगरी हिरवी, नागरिक हिरवे, आणि तरी वेगळे दिसले पाहिजेत. आम्ही डोकी खाजवत बसलो होतो. मुलं डबे खात होती. बुजगावण्याचं काम करणारा सहावीतला मुलगा म्हणाला, “दादा, पण पुस्तकात शहर हिरवं नसतंच.”

“म्हणजे?”

“बाईंनी पुस्तक वाचायला दिलंय ना. तिथं वेशीवरच सगळ्यांना हिरवा चष्मा घालतात. कुलूप लावून. म्हणून सगळं हिरवं दिसतं.”

मी पुस्तक न वाचताच नेपथ्य करायला निघालो होतो! रात्री बसून वाचून काढलं. पोरगं बरोबर होतं. जादूगार शेवटी स्वतःच कबूल करतो की हिरवा चष्मा लावल्यावर सगळं हिरवं दिसणारच. इतकंच काय, दुर्वाला, म्हणजे डोरोथीला, महालात दिलेला हिरवा झगा नगरीबाहेर पडल्यावर पांढराशुभ्र निघतो. आणखी एक गंमत म्हणजे पहिल्या आवृत्तीत डेन्स्लो या चित्रकाराच्या चित्रांचे रंगही गोष्टीतल्या प्रदेशाप्रमाणे बदलत जातात. कॅन्सस करडं, पूर्वेचा मुलूख निळा, नगरी हिरवी. लेखकाने नेपथ्य आधीच करून ठेवलं होतं, आम्ही फक्त विचारलं नव्हतं.

मग ठरलं. पडदा पांढरा. घुमट आणि मनोरे फक्त राखाडी जाड रेषांत. नागरिकांचे कपडे गडद राखाडी. आणि हिरवा चष्मा? तो प्रेक्षकांना घालायचा!

आकाशकंदिलाला लावतात तो हिरवा जिलेटिन कागद आणि जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा. मुलांनी आणि आम्ही मिळून ४२० चष्मे केले. पाचूनगरीच्या वेशीवर शिपाई ओरडणार, “चष्मे लावा!” आणि अख्ख्या हॉलने चष्मे लावायचे. पांढरा पडदा हिरवा, राखाडी कपडे गडद हिरवे. उजळपणातला फरक कायम, त्यामुळे पोरं स्पष्ट दिसतात.

यात दोन खाचखळगे निघाले, ते सांगतो. हिरवा कागद हिरवा प्रकाश पुढे जाऊ देतो, तांबडा अडवतो. त्यामुळे चष्म्यातून तांबडी वस्तू काळी दिसते. सिनेमातल्या डोरोथीचे बूट लाल माणकांचे आहेत. ते रंगीत सिनेमात उठून दिसावेत म्हणून बदललेले. मूळ पुस्तकात मात्र ते चांदीचे आहेत. आमच्या दुर्वाचेही लालच ठरले होते. चष्म्यातून पाहिले तर कोळशाचे! मग चंदेरी कागद लावला. चंदेरी रंग जो प्रकाश पडेल तो परत फेकतो, म्हणून हिरव्यातही चमकत राहिला. बॉमला हे माहीत होतं की नाही कोण जाणे, पण चांदीचं त्याचं गणित आमच्या उपयोगी पडलं.

दुसरं, आमच्या हॉलमधले दिवे जुने हॅलोजन. डिमरने मंद केले की ते पिवळे-तांबूस होतात, त्यांच्यात हिरव्याचा वाटा घटतो आणि चष्म्यातून सगळं काळवंडतं. म्हणून त्या प्रवेशात डिमर पूर्ण वर. एक साधी गोष्ट, पण तिच्यामुळे एक अख्खी तालीम अंधारात गेली.

चाराचे झाले दोन

पांढऱ्या पडद्याने एकदा करामत दाखवल्यावर आम्ही बाकीच्यांकडेही तसंच पाहिलं. माळरानाचा पडदा फिकट राखाडी-मातकट केला. असा पडदा कोणताही रंग घेतो. निळा दिवा टाकला की रात्र, पिवळा टाकला की संध्याकाळ. त्यामुळे माळरान आणि जंगल एकाच पडद्यावर भागलं.

जंगलाच्या झाडांसाठी तीन तिकोनी खांब केले. ही युक्ती प्राचीन ग्रीक रंगभूमीइतकी जुनी आहे. तीन बाजूंवर तीन चित्रं, खांब फिरवला की जागा बदलली. एका बाजूला झाड, दुसऱ्या बाजूला चेटकिणीच्या वाड्याची भिंत, तिसऱ्या बाजूला नगरीचा खांब. बाजू ३ फूट, उंची ८ फूट, खाली चाकं. पण गुरुत्वमध्य चार फुटांवर आणि मध्यापासून कडेपर्यंत अंतर जेमतेम ०.८७ फूट, म्हणजे खांब १२ अंश कलला की आडवा! आजूबाजूला चौथीची पोरं. १६ किलोच्या सांगाड्याच्या तळात प्रत्येकी तीन किलोच्या सहा विटा ठेवल्या. गुरुत्वमध्य २.१५ फुटांवर आला आणि कलायची मर्यादा २२ अंशांवर गेली. सिव्हिलवाल्यांचा पहिलावहिला उपयोग!

हळदीची वाट आधी आम्ही पडद्यावर रंगवणार होतो. पेंटरकाका म्हणाले, “पडद्यावरच्या वाटंवनं चालणार कोन?” वाट जमिनीवर आली. पिवळ्या कापडाची लांब गुंडाळी, पोरं गाणं म्हणत ती उलगडत पुढे जायची. पडद्यावर काय नको, हे ठरवणंही पडदा निवडण्यातच मोडतं, हे तेव्हा कळलं.

आणि जादूगार. पुस्तकात तो आधी भलंमोठं डोकं होऊन दिसतो, आणि शेवटी आडोसा कलंडल्यावर मागे एक साधा म्हातारा निघतो. आम्ही पांढऱ्या पडद्यामागे सहा फुटांवर एकच छोटा एलईडी दिवा लावला आणि दिव्यापासून दोन फुटांवर मूल उभं केलं. समरूप त्रिकोण : सहा भागिले दोन, तिप्पट. साडेतीन फुटी मुलाची साडेदहा फुटी सावली! दिवा जितका लहान, तितकी सावलीची कड धारदार. मोठा हॅलोजन लावला तर कड भुरकट होते, आणि मुलाच्या इतक्या जवळ गरम दिवा नकोच. जादूगार म्हणून आम्ही चौथीतलं सगळ्यात बुटकं पोरगं निवडलं.

आमच्या हॉलला वर जागा नाही, त्यामुळे पडदा सरळ वर उचलता येत नाही. तो खालून पाइपवर गुंडाळत वर न्यायचा. घडी नाही, म्हणून सुरकुतीही नाही. रंग मात्र सरसात कालवून पातळ हवा, जाड थर दिला तर गुंडाळताना तडकतो.

आगीचं काय?

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण वगळू नका. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं. शाहू महाराजांच्या काळातली, १९१५ सालची वास्तू. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आमच्यातल्या कोल्हापूरच्या मित्राने पहिली एकांकिका तिथेच केली होती. तो त्यावर फारसा बोलत नाही, पण कापडाची तपासणी त्याने स्वतःकडे घेतली. ७ भाग टाकणखार, ३ भाग बोरिक अॅसिड आणि १०० भाग पाणी, यात सगळं कापड रंगवण्याआधी भिजवून वाळवलं. प्रत्येक पडद्याची एक पट्टी मोकळ्या मैदानात जाळून पाहिली. ज्योत काढली की पट्टी विझायची. तरीही दिवे पडद्यापासून लांब, दोन्ही विंगेत वाळूच्या बादल्या आणि मागचं दार उघडं. थर्माकोल पूर्णपणे बाद.

हिशेब

मांजरपाट (तीन पडदे, वाया गेलेला धरून) ३९०० रुपये, रंग आणि सरस १३००, बांबू-दोर-कप्प्या ९००, चाकं आणि प्लाय १६००, चष्मे ९००, टाकणखार वगैरे ३००. एकूण ८९०० रुपये. उरलेल्या शंभरात चहा.

प्रयोग

प्रयोगाच्या दिवशी मी पांढऱ्या पडद्याच्या दोरावर होतो, त्यामुळे समोरून काहीच पाहिलं नाही. फक्त ऐकलं. शिपाई ओरडला, “चष्मे लावा!” आणि क्षणभर नुसती पुठ्ठ्यांची खसखस. मग हॉलमधून एकदम मोठा ‘आऽऽ’ आला. पडद्याच्या मागच्या बाजूने मला तो पांढराच दिसत होता. हॉलमधल्या चारशे माणसांना हिरवी नगरी दिसत होती आणि आम्हा मागच्यांना कापड!

जादूगाराच्या प्रवेशात साडेदहा फुटी सावली गरजली. पुढच्या रांगेतलं एक बाळ रडायला लागलं. मग शिपाई म्हणाला, “चष्मे काढा!” मी दोर ओढला. पडदा गुंडाळत वर गेला आणि मागे साडेतीन फुटी जादूगार एका हाताने नाक पुसत उभा! इतका हशा झाला की त्याला आपलं वाक्य दोनदा म्हणावं लागलं.

चुका झाल्या नाहीत असं नाही. एक खांब उलटा फिरला आणि वाड्यात मधेच एक झाड उगवलं. पंधरा-वीस छोट्या प्रेक्षकांनी चष्मे काढायला साफ नकार दिला, त्यांनी माळरानही हिरवंच पाहिलं. (जतच्या माळाला ते लाभो!)

सामान आवरताना शेवटच्या रांगेतल्या एक बाई अजून बसलेल्या दिसल्या. मांडीवर झोपलेली धाकटी, हातात हिरवा चष्मा. एस.टी.ला वेळ होता. मी विचारलं, “तुमचं कोण होतं?”

“त्या हिरव्या गावातली. डावीकडनं तिसरी,” त्या म्हणाल्या. “हात वर करताना चुकली बघा. बाकी समद्या आधी, ही मागनं.”

सत्तर फुटांवरून त्यांना पोरीची चूकसुद्धा दिसली होती. पेंटरकाका शेजारीच खुर्च्या लावत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बोलले काही नाहीत.

आणि माझा हिरवा पडदा? तो कापून तिकोनी खांबांवर झाडांचा पाला म्हणून लागला. तिथे तो चांगला दिसला, कारण त्याच्यापुढे कुणीच हिरवं नव्हतं. उरलेला एक तुकडा आमच्या खोलीच्या खिडकीला आहे. वेलबुट्टी बघायची असेल तर या कधीही. मात्र अगदी जवळ येऊन बघा, सहा मिलिमीटरचा प्रश्न आहे!

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी